विश्लेषण : खाजेवर कोरफड, कडुनिंब की डॉक्टर? वनस्पतींचे अर्क नेमके कधी उपयोगी?

थंडी पडली की अंग उलते, डोक्यात कोंडा दिसू लागतो आणि खाज सुरू होते. मग मोबाइलवर उपायांची रांग लागते. कुणी कोरफडीचा गर लावायला सांगतो, कुणी कडुनिंबाचे पाणी, तर कुणी लिंबू आणि खोबरेल तेल. बाजारातही ‘हर्बल’, ‘नॅचरल’, ‘केमिकल-फ्री’ असे लिहिलेल्या बाटल्यांची कमतरता नाही. यातील काही वनस्पतींचा उपयोग चाचण्यांतून दिसला आहे. काहींनी त्रास वाढू शकतो. खाज नेमकी कशाची आहे हे न पाहता उपाय सुरू केला, तर साधा आजारही महिनोन्‌महिने रेंगाळतो.

खाज नेमकी कशामुळे येते?

त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात मृत पेशी एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये सिमेंटसारखा स्निग्ध पदार्थ भरलेला असतो. ही भिंत शाबूत असली की आतले पाणी आत राहते आणि बाहेरचे जंतू, धूळ, रसायने बाहेर राहतात. थंड कोरडी हवा, कढत पाण्याची अंघोळ आणि साबण यांमुळे हा स्निग्ध पदार्थ निघून जातो. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. साधा साबण मात्र अल्कधर्मी असतो. त्यामुळे दिवसातून दोनदा साबण फासणाऱ्यांची त्वचा हिवाळ्यात लवकर कोरडी पडते आणि खाजते.

पण प्रत्येक खाज कोरडेपणाची नसते. डोक्यात चिकट, पिवळसर पोपडे आणि खाली लाली असेल तर तो बहुधा तेलकट त्वचेचा कोंडा असतो. अंगावर गोल चट्टा, कडेला लाल आणि मध्ये त्या मानाने स्वच्छ दिसत असेल तर गजकर्णाचा संशय घ्यावा लागतो. रात्री खाज वाढते आणि घरातल्या दोघा-तिघांना एकदमच सुरू झाली आहे, तर खरूज असू शकते. शाळेत जाणारे मूल सारखे डोके खाजवत असेल तर आधी कानामागे आणि मानेच्या वरच्या केसांत उवा-लिखा आहेत का ते पाहावे. या सगळ्यांवर एकच लेप चालत नाही.

अर्क म्हणजे काय? एकाच झाडाचे दोन अर्क वेगळे कसे?

वनस्पतीतील उपयोगी घटक पाण्यात, तेलात किंवा अल्कोहोलमध्ये उतरवून घेतले की त्याला अर्क म्हणतात. पाने उकळून केलेला काढा, पाने तेलात कढवून केलेले तेल आणि वाफेवर काढलेले सुगंधी तेल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्यात विरघळणारे घटक काढ्यात येतात, तेलात विरघळणारे येत नाहीत. सुगंधी तेलात तर घटक इतके दाट असतात की ते थेट त्वचेवर लावले की आग होऊ शकते.

कोरफडीचे उदाहरण घ्या. पान कापले की सालीलगत पिवळा, कडू चीक दिसतो आणि आत पारदर्शक गर असतो. गरात बहुतांश पाणी आणि थोडी बहुशर्करा असते, म्हणून तो थंडावा देतो. पिवळ्या चिकात अ‍ॅलोइन असते आणि त्याने त्वचेला खाज सुटू शकते. हाच चीक वाळवला की काळा बोळ होतो, जो रेचक म्हणून ओळखला जातो. म्हणजे एकाच पानातला एक भाग त्वचा शमवतो आणि दुसरा चाळवतो. घरची कोरफड वापरताना पान कापून थोडा वेळ उभे ठेवावे, चीक निथळू द्यावा आणि मग गर धुऊन घ्यावा, तो याचसाठी. काढलेला गर लवकर खराब होतो. आठवडाभर वाटीत ठेवलेला गर लावणे म्हणजे खाजवलेल्या त्वचेवर जंतू पसरवणे होय.

कोणत्या वनस्पतींबाबत पुरावा आहे?

कोरड्या, खाजऱ्या त्वचेसाठी सर्वांत भक्कम बाजू ओट्सची आहे. ओट्सचे अगदी बारीक पीठ पाण्यात दुधासारखे मिसळते. त्यातील बीटा-ग्लुकन त्वचेवर ओलाव्याचा पातळ थर धरते आणि ‘अ‍ॅव्हेनॅन्थ्रामाइड’ नावाचे घटक दाह कमी करतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ मध्ये अशा बारीक ओट्सला त्वचारक्षक घटक म्हणून मान्यता दिली. घरी करायचे तर साधे ओट्स मिक्सरमध्ये अगदी बारीक करून कोमट पाण्यात घालता येतात. मसाला ओट्स मात्र नकोत!

खोबरेल तेलाची चाचणी फिलिपिन्समध्ये झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात इसब असलेल्या ११७ मुलांना आठ आठवडे एक तर ‘व्हर्जिन’ खोबरेल तेल किंवा खनिज तेल लावण्यात आले. खोबरेल तेलाच्या गटात त्वचेत अधिक सुधारणा दिसली. येथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. ‘व्हर्जिन’ तेल ओल्या नारळापासून काढतात. आपण केसांना लावतो ते बहुतेक तेल सुक्या खोबऱ्याचे असते आणि काही बाटल्यांत सुगंधही मिसळलेला असतो. सुगंधी तेल फाटलेल्या त्वचेला झोंबू शकते.

कोंड्यासाठी टी ट्री तेलाचे नाव घेतले जाते. हे चहाच्या झाडाचे तेल नव्हे. ऑस्ट्रेलियातील हे झाड आपल्या जांभळाच्या आणि निलगिरीच्या कुळातले आहे. ऑस्ट्रेलियात १२६ जणांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या तेलाचे प्रमाण ५ टक्के असलेला शाम्पू चार आठवडे वापरल्यावर कोंड्याच्या तीव्रतेत ४१ टक्के सुधारणा झाली. तेल नसलेल्या शाम्पूच्या गटात ती ११ टक्के होती. हा परिणाम ५ टक्क्यांचा आहे. बाटलीतले दाट तेल थेट डोक्यावर ओतले तर आग होते. शिवाय बाटली वारंवार उघडल्याने हवा लागलेले जुने तेल अ‍ॅलर्जीला अधिक कारण ठरते.

कोरफडीबाबतही एक छोटी चाचणी आहे. तेलकट कोंड्याच्या आजाराने त्रस्त ४४ प्रौढांवर १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कोरफडीच्या द्रावाने पोपडे आणि खाज दोन्ही कमी झाली. ४४ ही संख्या लहान आहे, त्यामुळे कोरफड ‘मदत करू शकते’ इतकेच म्हणता येईल.

हळद आणि कडुनिंबाचे काय?

हळदीच्या पेटंटची लढाई अनेकांना आठवत असेल. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये देण्यात आले. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंधांचे दाखले देत या पेटंटला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. पुढे भारताने पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल भांडार उभारले, त्यामागे हाच अनुभव होता.

मात्र या निकालाचा अर्थ अनेकदा चुकीचा लावला जातो. हळदीचा हा वापर नवा नाही, भारतात तो आधीपासून माहीत आहे, एवढेच त्यातून ठरले. हळद कोणत्या प्रमाणात, कोणत्या त्वचारोगावर आणि किती दिवसांत काम करते, हा प्रश्न पेटंट कार्यालयापुढे नव्हताच. हळदीतील करक्युमिन दाह कमी करते हे प्रयोगशाळेत दिसते, पण ते पाण्यात नीट विरघळत नाही. काही जणांना हळदीचीच अ‍ॅलर्जी असते, हेही त्वचारोगतज्ज्ञांना माहीत आहे.

कडुनिंबाचे तसेच आहे. कांजिण्या बऱ्या झाल्यावर कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने अंघोळ घालण्याची पद्धत घरोघरी आहे. कडुनिंबाचा अर्क जिवाणू आणि बुरशीची वाढ रोखतो, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण काचेच्या थाळीत बुरशी मरणे आणि माणसाच्या जांघेतले गजकर्ण बरे होणे यांत मोठे अंतर आहे. पाल्याचे पाणी बहुतेकांना अपाय करत नाही. कडुनिंबाचे तेल मात्र लहान मुलांपासून दूर ठेवायला हवे. ते पोटात गेल्याने मुलांना गंभीर विषबाधा झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत.

डोक्याला तेल लावल्याने कोंडा जातो का?

कोंड्यामागे ‘मॅलॅसेझिया’ नावाची बुरशी असते. ती जवळपास प्रत्येकाच्या डोक्यावर राहते. तिला स्वतःची स्निग्धाम्ले तयार करता येत नाहीत, म्हणून ती आपल्या डोक्यावरच्या तेलावर जगते. तेलातील काही घटक ती खाते आणि ओलेइक आम्ल मागे सोडते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोंड्याची प्रवृत्ती असलेल्यांच्या डोक्यावर हे आम्ल लावले तेव्हा पोपडे निघू लागले. ज्यांना कोंडा होत नाही त्यांना काही फरक पडला नाही. त्याच तेलाने एकाला काही होत नाही आणि दुसऱ्याला खाज सुटते, याचे एक कारण येथे सापडते. ऑलिव्ह तेलात तर ओलेइक आम्लच सर्वाधिक असते.

रात्रभर तेल थापल्यावर पोपडे केसांना आणि त्वचेला चिकटून बसतात. ते दिसत नाहीत, म्हणून कोंडा गेला असे वाटते. डोके धुतल्यावर दोन दिवसांत तो पुन्हा दिसू लागतो. तेलकट, लालसर कोंडा असलेल्यांनी तेल लावायचेच असेल तर केसांच्या लांबीला लावावे आणि रात्रभर डोक्यात ठेवू नये. केसांसाठी खोबरेल तेलाचा फायदा आहेच. ते केसांच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, असे २००३ मध्ये मुंबईतील मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी दाखवले. ही कंपनी स्वतः खोबरेल तेल विकते, हेही वाचताना ध्यानात असावे. आणि केसांचा फायदा म्हणजे कोंड्यावरचा उपाय नव्हे.

फक्त कोरडेपणा असेल, पोपडे पांढरे व सुटे असतील आणि लाली नसेल, तर धुण्याआधी तासभर थोडे तेल लावायला हरकत नाही.

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक का नाही?

याचे उत्तर मराठी माणसाला बिब्ब्याने कधीच दिले आहे. बिब्ब्याचे तेल त्वचेला लागले की फोड येतात, सूज येते. ‘बिब्बा उतला’ असे आपण त्याला म्हणतो. कामात ‘बिब्बा घालणे’ हा वाक्प्रचारही आहेच. काजू आणि आंबा ही बिब्ब्याच्याच कुळातली झाडे. कोकणात काजू फोडणाऱ्यांचे हात टरफलातल्या तेलाने भाजतात आणि आंब्याचा चीक लागून ओठाभोवती पुरळ उठते, त्यामागची रसायनेही एकमेकांची नातेवाईक आहेत.

याहून कमी माहीत असलेला धोका गाजर गवताचा आहे. ‘काँग्रेस गवत’ किंवा ‘चटक चांदणी’ म्हणूनही ओळखले जाणारे हे तण पुण्यात १९५०च्या दशकात नोंदले गेले आणि नंतर देशभर पसरले. त्याचे कण हवेतून येऊन चेहरा, मान, कोपरांच्या आतील बाजू अशा ठिकाणी तीव्र इसब होतो. शेतात काम करणाऱ्या अनेकांना हा त्रास वर्षानुवर्षे छळतो.

हे गवत शेवंतीच्या कुळातले आहे. त्वचा शमवणाऱ्या मलमांत आणि केसांच्या तेलांत हमखास आढळणारे कॅमोमाइल, कॅलेंड्युला, अर्निका आणि आपला माका हेही त्याच कुळातले. गाजर गवताची अ‍ॅलर्जी असलेल्या प्रत्येकाला यांचा त्रास होतोच असे नाही. पण अशा व्यक्तीने ‘सौम्य’ म्हणून कॅमोमाइलचे मलम चेहऱ्यावर लावले आणि खाज वाढली, तर नवल वाटायला नको.

लिंबाचेही तसेच. कोंड्यासाठी लिंबू चोळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. खाजवून सोललेल्या त्वचेला त्यातील आम्ल झोंबते. शिवाय लिंबाचा रस त्वचेवर असताना ऊन लागले तर भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि काळे डाग अनेक आठवडे राहतात. मेंदीबाबतही सावध राहावे लागते. शुद्ध मेंदीचा रंग लालसर-नारिंगी असतो. काही मिनिटांत काळाभोर रंग देणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त बहुतेक वेळा पीपीडी हे केसांच्या रंगातले रसायन मिसळलेले असते. त्याने डोक्याला आणि कपाळाला तीव्र अ‍ॅलर्जी होऊ शकते.

लेबलवर काय वाचावे?

‘केमिकल-फ्री’ या शब्दाला फारसा अर्थ नाही. पाणीही रसायनच आहे. बाटलीच्या पुढच्या बाजूवर छापलेल्या पानाफुलांपेक्षा मागची घटकांची यादी महत्त्वाची असते. भारताच्या सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार १ टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिता येतात.

याचा उपयोग असा करता येतो. फिनॉक्सीइथेनॉल हे परिरक्षक सहसा १ टक्का किंवा त्याहून कमी असते. यादीत त्याच्या नंतर ‘अ‍ॅलो बार्बाडेन्सिस’ म्हणजे कोरफड किंवा ‘आझादिराक्टा इंडिका’ म्हणजे कडुनिंब लिहिलेले असेल, तर त्या वनस्पतीचे प्रमाण बहुधा नाममात्र आहे. ‘फ्रेग्रन्स’ किंवा ‘परफ्यूम’ हा शब्द दिसला तर खाजऱ्या त्वचेसाठी ते उत्पादन टाळलेले बरे. ओट्सचे नाव यादीत ‘अव्हेना सटायवा’ असे असते.

घटकांची यादी आणि परवाना क्रमांक नसलेल्या सुट्या डबीतल्या मलमापासून तर दूरच राहावे. लंडनमध्ये इसबासाठी वापरल्या जाणाऱ्या चिनी वनौषधींच्या ११ मलमांची तपासणी करण्यात आली तेव्हा त्यातील ८ मलमांत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आढळले. हा अहवाल १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्याही खाजेवर दोन दिवसांत जादूसारखा आराम देणारे आणि थांबवताच दुप्पट जोराने त्रास परत आणणारे ‘हर्बल’ मलम असेल, तर त्यात स्टिरॉइड असल्याचा संशय घ्यायला हवा.

गजकर्णाबाबत एवढी काळजी कशासाठी?

गेल्या काही वर्षांत भारतात गजकर्ण सहज बरे होईनासे झाले आहे. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला अनेकदा दाद न देणारी बुरशी देशात पसरली. २०२० मध्ये तिला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नाव देण्यात आले. औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेली स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक यांची मिश्र मलमे हे या साथीमागचे एक मोठे कारण मानले जाते. स्टिरॉइडमुळे खाज आणि लाली लगेच दबते, पण बुरशी आत पसरत राहते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा औषधांच्या यादीत टाकली.

वनस्पतींचे लेप स्टिरॉइडइतके घातक नसतात. पण महिनाभर कडुनिंबाचा लेप लावत बसल्यास तेवढ्या काळात तोच टॉवेल वापरणाऱ्या घरातल्या इतरांना लागण होते. मग एकट्याचा उपचार पुरत नाही, घरातल्या सगळ्यांना तपासावे लागते. लहान मुलाच्या डोक्यात गजकर्ण झाले असेल तर वरून लावायचे कोणतेच औषध पुरेसे नसते, पोटातून औषध द्यावे लागते. उशीर झाला तर त्या जागी केस कायमचे जाऊ शकतात.

घरी काय करावे, डॉक्टरांकडे कधी जावे?

कोरडेपणाची खाज असेल तर पाणी कोमट ठेवावे आणि अंघोळ पाच ते दहा मिनिटांत आटोपावी. साबण काखा, जांघा आणि पाय एवढ्यापुरताच वापरावा. अंग टिपून घेतल्यावर त्वचा ओलसर असतानाच सुगंधविरहित मॉइश्चरायझर, ओट्सचे मलम किंवा शुद्ध खोबरेल तेल लावावे. उटणे किंवा घासणी खाजऱ्या जागी वापरू नये.

साध्या कोंड्यासाठी किटोकोनॅझोलसारखा औषधी शाम्पू आठवड्यातून दोनदा लावून तीन ते पाच मिनिटे ठेवावा आणि मग धुवावा. लगेच धुतला तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही.

नवे मलम किंवा अर्क वापरण्यापूर्वी हाताच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून पाहावा. अ‍ॅलर्जी पहिल्याच दिवशी दिसते असे नाही, म्हणून एका रात्रीची चाचणी पुरत नाही. लालसरपणा, पुरळ किंवा आग जाणवली तर वापर थांबवावा.

दोन आठवड्यांत फरक नसेल, गोल चट्टे वाढत असतील, पू किंवा ताप असेल, डोक्यावर केस गेलेले चकदळ दिसत असेल, घरात अनेकांना खाज असेल किंवा खाजेने झोप उडाली असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. जाताना वापरलेली सर्व तेले, लेप आणि मलमे सोबत न्यावीत, ‘ते तर घरगुतीच होते’ म्हणून वगळू नयेत. अनेकदा निदानाचा धागा त्याच बाटल्यांत सापडतो.